काटा मेला असं म्हणण्याआधी : जुन्या गाडीचे मीटर घरच्या घरी दुरुस्त करताना

मे महिन्यातली दुपार होती. चाळीसगाव सोडून आम्ही कन्नडचा घाट चढत होतो. आमची जुनी ॲम्बॅसेडर, शेजारी आबा, मागे आई. अर्ध्या घाटात टेंपरेचरचा काटा सरसर वर गेला आणि लाल पट्टीला टेकला. गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं. वाफ नाही, पाणी खदखदल्याचा आवाज नाही, रेडिएटरजवळ हात नेला तर रोजचीच धग. आबा खिडकीतून म्हणाले, "पेट्रोलचा काटा बघ बरं." निघताना तो अर्ध्यावर होता, वाटेत पेट्रोल भरलं नव्हतं, आणि आता तो फुलच्याही पलीकडे जाऊन बसला होता. चढावर टाकीतलं पेट्रोल सरकून काटा थोडा हलतो हे खरं, पण इतका नाही. दोन काटे एकाच वेळी खोटं बोलायला लागले, तर चूक दोघांच्या मागे एकाच ठिकाणी असते.

अर्धा तास थांबून, गाडी निवल्यावर पाणी पाहिलं. भरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी चाळीसगावच्या एका वायरिंगवाल्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि आतूनच सांगितलं, "काटा मरेल नही भाऊ, अर्थिंग मरेल शे." एक गंजलेला स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासला, परत घट्ट बसवला, आणि दोन्ही काटे जागेवर आले.

तेव्हापासून मी माझी गाडी, मित्रांच्या दोन प्रीमियर पद्मिनी गाड्या आणि एका शेतकरी दोस्ताची जीप यांचे मीटर स्वतः पाहत आलो आहे. नव्याने जुनी गाडी घेतलेल्यांना मी एकच सांगतो : मीटर बिघडलं म्हणून ते उपटून भंगारात देऊ नका. दोष बहुतेक वेळा मीटरपर्यंत येणाऱ्या वाटेत असतो. वायर, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची पकड), अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी असलेला विजेचा जोड), टाकीतलं युनिट, केबल ही ती वाट. मीटर उघडायचं ते सगळ्यात शेवटी.

बसण्याआधीची तयारी

काम सकाळी करा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उभ्या गाडीतला डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि जुनं प्लास्टिक तेव्हा हात लावताच तडकतं. वायरवरचं आवरणही उन्हाने कडक झालेलं असतं, ते दुमडू नका.

डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा, मग घड्याळ बंद पडलं तरी चालेल. आणि ती वायर कुठल्या टर्मिनलवर आहे ते आधी बघून घ्या. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची वायरिंग तर ६ व्होल्टची. अशा गाडीला १२ व्होल्टचं मीटर किंवा आजचं इलेक्ट्रॉनिक सामान डोळे झाकून लावलं, तर ते जळतं.

लागणारं सामान फार नाही : साधा मल्टिमीटर, १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायर जोडून केलेला टेस्ट लॅम्प, स्क्रूड्रायव्हर, पाने (जुन्या ॲम्बॅसेडरला बहुतेक जागी इंची लागतात, पद्मिनीला एमएमचे), पॉलिश पेपर, मऊ ब्रश, कागदी टेप आणि पेन. वायर काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. काढलेल्या प्रत्येक वायरला टेपची चिठ्ठी लावा. जुन्या वायरचे रंग धुळीने आणि उन्हाने असे एक झालेले असतात की लाल कुठली आणि तपकिरी कुठली हे अर्ध्या तासानंतर तुम्हालाच सांगता येणार नाही. किलोमीटरचं रीडिंगही आत्ताच लिहून ठेवा.

काट्याची जात ओळखा

चावी फिरवा आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघत राहा. काटा सावकाश, काही सेकंद घेत वर चढत असेल तर आत बायमेटलची, म्हणजे दोन धातू एकत्र जोडलेली, पट्टी आहे. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. या जातीच्या मीटरमागे बहुधा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. चावी फिरवताच काटा टुणकन उडत असेल, तर आत चुंबकीय कॉइल आहे आणि त्याला सहसा स्टॅबिलायझर लागत नाही. तिसरी जात विजेशिवायची : पातळ नळीवर चालणारे टेंपरेचरचे आणि ऑइल प्रेशरचे मीटर, आणि केबलवर फिरणारा स्पीडोमीटर. जात चुकली की पुढची सगळी तपासणी चुकते, म्हणून हे पाच सेकंद शांतपणे बघा.

पेट्रोलचा काटा

सर्वात जास्त तक्रारी याच्याच असतात, आणि शिकायला हाच सर्वात चांगला.

टाकीवर एक गोल चकती असते, तिला गॅरेजमध्ये टँक युनिट म्हणतात. चावी बंद ठेवून तिच्यावरची वायर काढा. मग चावी सुरू करून काटा बघा (बॅटरी एवढ्यापुरती परत जोडावी लागेल). काटा एका टोकाला गेला पाहिजे. चावी पुन्हा बंद करा, त्या वायरला एक लांब तुकडा जोडा, त्याचं दुसरं टोक टाकीपासून दूर बॉडीच्या घासलेल्या, उघड्या पत्र्याला लावा आणि दोन-तीन सेकंदच चावी द्या. आता काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कुठलं टोक रिकामं आणि कुठलं भरलेलं हे बनावटीप्रमाणे उलटसुलट असतं, त्यात अडकू नका. काटा दोन्हीकडे जातो की नाही एवढंच बघा. बायमेटलच्या मीटरला जास्त वेळ असं धरलं तर आतली बारीक तार जळते, म्हणून दोन-तीन सेकंदच.

दोन्हीकडे गेला? मग मीटर आणि वायर ठणठणीत आहेत, दोष टाकीकडे आहे. गेला नाही? तर हीच तपासणी डॅशबोर्डमागे, मीटरच्याच टर्मिनलवर करा. तिथे काटा हलला तर मधली वायर तुटली आहे. बहुतेक वेळा ती डिकीच्या कार्पेटखाली किंवा दाराच्या उंबऱ्याजवळ घासून गेलेली सापडते. तिथेही हलला नाही, तर मीटरला वीज येते का आणि मीटरच्या पाठीचं अर्थिंग लागलं आहे का ते टेस्ट लॅम्पने बघा. हे सगळं ठीक असून काटा मेलेलाच असेल, तेव्हाच मीटरला दोष द्या.

टँक युनिट काढण्याआधी त्याच्या चकतीचं अर्थिंग तपासा. आपल्या काळ्या मातीची धूळ पावसाळ्यात चिखल होऊन चकतीभोवती बसते आणि स्क्रूंना गंज चढतो. चकतीपासून बॉडीला एक वेगळी वायर जोडली की निम्म्या गाड्यांचं काम तिथेच संपतं.

युनिट बाहेर काढायचंच असेल तर टाकीत पेट्रोल कमी असताना काढा. उघड्यावर काढा, बंद शेडमध्ये नाही. बॅटरीची वायर काढलेली हवी. बिडी-सिगारेट नको, लोंबता बल्ब नको, शेजारी कुणी वेल्डिंग करत नसावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते आणि लांबवर पसरते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफच वाफ असते.

बाहेर काढलेल्या युनिटला एक लांब दांडी आणि टोकाला पितळी किंवा प्लास्टिकचा फ्लोट असतो. फ्लोट कानाशी नेऊन हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो भोक पडून बुडाला आहे, आणि म्हणूनच काटा कायम रिकामं दाखवतो. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे येतात आणि भोक कुठे आहे ते कळतं. त्याला डाग देण्याची (सोल्डरिंगची) घाई करू नका. आत थेंबभर पेट्रोल राहिलं तरी तापलेली सोल्डरिंगची इस्त्री लावताच तो फुटू शकतो. मी अशा वेळी दुसरा फ्लोट शोधतो. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी हळूहळू खालून वर न्या. आकडा सलग वाढला किंवा सलग कमी झाला पाहिजे. मध्येच उडी मारली तर आतली तार तिथे झिजली आहे, आणि रस्त्यावर काटाही त्याच जागी उडी मारत असणार. परत बसवताना चकतीखालचा जुना वॉशर पुन्हा वापरू नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं, पेट्रोलला टिकणारा नवा वॉशर घाला.

स्टॅबिलायझर

घाटातल्या त्या दुपारी मला ज्याची ओळखच नव्हती तो हा. अंगठ्याएवढा पत्र्याचा डबा, डॅशबोर्डमागे एका स्क्रूवर. गाडीची वीज इंजिनाच्या वेगाप्रमाणे १२ ते १४ व्होल्टच्या मध्ये नाचत असते. हा डबा ती सतत जोडत-तोडत सरासरी १० व्होल्टवर आणतो, म्हणजे काटे स्थिर राहतात. त्याच्या आऊटपुटवर मल्टिमीटर लावला तर आकडा वरखाली उड्या मारतो. तो बिघाड नाही, त्याचं कामच तसं. टेस्ट लॅम्प लावला तर उघडझाप करतो. बल्ब सलग पेटून राहिला तर डबा आतून चिकटला आहे किंवा त्याचं अर्थिंग सुटलं आहे, आणि मग सगळे काटे वर जातात. बल्ब पेटलाच नाही, तर सगळे खाली बसतात.

आधी स्क्रू आणि त्याखालचा पत्रा घासा. तरीही नाही सुधारला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७८१० नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर मिळतो. लिहिलेली बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा आऊटपुट. इनपुट आणि अर्थमध्ये ०.३३ मायक्रोफॅरड, आऊटपुट आणि अर्थमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा आणि त्याची धातूची पाठ बॉडीला कसायची, म्हणजे तो तापत नाही. जुन्या डब्याचं पोट रिकामं करून त्यातच हा बसवला तर बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. प्लस अर्थच्या गाडीला मात्र हा चालत नाही.

टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर

खानदेशात गाडी ठेवायची तर टेंपरेचरचा काटा बरोबर हवाच. विजेवरचा असेल तर इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढून क्षणभर अर्थ करा, काटा गरमकडे गेला पाहिजे. गेला तर सेन्सर बदला, तो महाग नसतो.

नळीचा असेल तर जपून. इंजिनातल्या बल्बपासून मीटरपर्यंत एकच अखंड बारीक नळी असते आणि तिच्यात सहज पेट घेणारा द्रव भरलेला असतो. ती कापू नका, चिमटवू नका, ज्योत लावू नका. नळी फुटली की ते मीटर घरी दुरुस्त होत नाही. तपासायचं असेल तर बल्ब काढून जुन्या पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवत जा. शेगडी बल्बपासून आणि नळीपासून दूर राहील असं बघा, किंवा उकळलेलं पाणी आणून ओता. जळगाव-धुळे समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर उंचीवर आहेत, त्यामुळे इथे पाणी ९९ अंशांच्या किंचित वर उकळतं. तेवढा फरक धरून काटा १०० च्या खुणेशी आला तर मीटर खरं.

ऑइल प्रेशरच्या काट्याबाबत मात्र उलटा नियम पाळा. तो शून्यावर पडला तर आधी इंजिन बंद करा आणि काटा खरं बोलतोय असंच धरा. दुसरं, भरवशाचं मीटर इंजिनाला लावून खात्री झाल्याशिवाय गाडी चालू करू नका. नळीच्या सांध्यातून तेल झिरपत असेल तर तांब्याचा वॉशर काढा, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं.

अँपिअर मीटर

इथे चूक झाली तर गाडी जळू शकते. स्टार्टर सोडून गाडीची जवळपास सगळी वीज या एका मीटरमधून जाते, म्हणून त्याच्या वायर जाड असतात. मागचे नट सैल असले की ते तापतात आणि आवरण वितळतं. आधी बॅटरीची वायर काढा, मग नट घट्ट करा, थिंबल घासा, उघडं टोक झाका. बरेच जण याच्या जागी व्होल्टमीटर लावतात, आणि मलाही ते पटतं. पण त्याच दोन वायर व्होल्टमीटरला जोडायच्या नाहीत. त्या दोन जाड वायर एकमेकींना बोल्टने पक्क्या जोडून नीट झाका. व्होल्टमीटरला चावीतून आलेली एक बारीक वायर आणि एक अर्थ, एवढंच द्या.

स्पीडोमीटर

काटा थरथरतो, टिकटिक आवाज येतो किंवा काटा पडूनच राहतो, या तिन्ही तक्रारींत पहिला संशय केबलवर. मीटरमागचा केबलचा गोल नट फिरवून काढा आणि आतली तार ओढून घ्या. सपाट फरशीवर ठेवून बोटांनी लाटा. सरळ तार शांतपणे फिरते, वाकलेली उसळते. उसळली तर बदला, ती सरळ होत नाही. दोन्ही टोकांचे चौकोन गोल झिजले असतील तरी बदला. चांगली असेल तर घासलेटने पुसून पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचं वरचं वीतभर टोक कोरडं ठेवा. तार फिरता फिरता ग्रीस वर चढवते, आणि ते मीटरमध्ये शिरलं की आतली अॅल्युमिनियमची वाटी चिकटते. त्या वाटीच्या आत एक चुंबक फिरतो, दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबकाच्या ओढीने वाटी वळते, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या दोघांच्या ओढाताणीत काटा ठरतो. म्हणून तिथे तेलाचा थेंबही नको. केबल बसवताना तिला काटकोनात वळवू नका, वळण निदान ६ इंच त्रिज्येचं असू द्या.

मीटर खरं सांगतं का हे बघायला मुंबई-आग्रा रस्त्यावर पहाटे जा. शेजारी कुणीतरी घड्याळ घेऊन बसलेलं हवं, चालवणाऱ्याने मोजायचं नाही. काटा ६० वर स्थिर ठेवा आणि एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ घ्या. ६० सेकंद लागले तर बरोबर. ६६ लागले तर तुम्ही खरे साडेचौपन्नच्या वेगाने चालला आहात. टायरचं माप बदललं असेल तरी हा फरक पडतो.

दुसऱ्या गाडीचं मीटर आणताना तबकडीवर लिहिलेला छोटा आकडा जुळतो का ते बघा. केबलचे किती फेरे म्हणजे एक मैल किंवा एक किलोमीटर, ते तो सांगतो. तो वेगळा असेल तर मीटर चालेल, पण खोटं चालेल. आणि जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग तारखेसह गाडीच्या कागदांत लिहून ठेवा. पुढे गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला ते सांगणं आपलं काम आहे.

आता मीटर उघडा

टेबलावर पांढरं कापड पसरा, पंखा बंद करा. पुढची चकाकणारी कडी दोन प्रकारची असते. काहींना आतून दात असतात, कडी थोडी फिरवली की दात खाचांसमोर येतात आणि ती सुटते. गंजली असेल तर कडेने तेलाचा एक थेंब, आणि रात्रभर वाट पाहा. दुसरी दुमडून बसवलेली असते, ती बारीक स्क्रूड्रायव्हरने चहूकडून थोडी थोडी उचला. एकाच जागी जोर लावला तर काच जाते.

मी पहिलं मीटर उघडलं तेव्हा काचेखालच्या रबराची पूड झाली होती आणि काट्याच्या मुळाशी कापसाचा एक बारीक तंतू गुंडाळलेला होता. तो काट्याला अर्ध्यावर अडवत होता. चिमट्याने तंतू काढला आणि ते मीटर आजही चालतं आहे.

तबकडीवर फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवा. थिनर, पेट्रोल, काच पुसायचं पाणी, काही नको. अक्षरं छापलेली असतात, ती कापसाबरोबर निघून येतात. काटा बोटाने ढकलू नका. आत फेव्हिक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या : लष्करी जीप आणि फार जुन्या गाड्यांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. त्याची चमक कधीच गेलेली असली तरी किरणोत्सार जात नाही. तो खरवडू नका, त्याची धूळ फुंकू नका. असं मीटर उघडूच नका.

दिव्याचा बल्ब बदलताना होता तेवढ्याच वॅटचा घाला. जास्त उजेडाच्या मोहाने मोठा घातला की तबकडीचा रंग करपतो.

मूळ मीटर सांभाळून ठेवा

काही मीटर खरंच संपलेली असतात. मग मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट, आणि त्याआधी आपल्याच धुळे-जळगावच्या भंगारवाल्यांकडे चक्कर मारा. पेट्रोलचं मीटर घ्याल तर शक्यतो त्याचंच टँक युनिटही घ्या, ती जोडी असते. वेगळ्या बनावटीचं युनिट लावलं तर काटा हलेल, पण आकडा खोटा असेल. काढलेलं मूळ मीटर फेकू नका. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते.

सगळं बसवून झालं की टाकी जवळपास रिकामी असताना पंपावर जा. दर वेळी पाच लिटर भरा, गाडी सपाट जागी उभी करा आणि काटा कुठे थांबतो ते लिहा. जुन्या मीटरच्या खुणा समान अंतराच्या असल्या तरी टाकीचा आकार तसा नसतो. आमच्या गाडीत अर्ध्याच्या खालचा भाग वरच्या भागापेक्षा लवकर संपतो. आबांनी ते आकडे वहीच्या पानावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. कन्नडचा घाट चढण्याआधी मी अजूनही ते पान उघडून बघतो.